भाषणातून गाळलेल्या पंडिता रमाबाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर मराठीत सलग चार पानं लिहायची सवय राहिलेली नाही. पण आपल्या १९९६ च्या तुकडीच्या वतीने कुणीतरी लिहायलाच हवं होतं, आणि माझ्याकडे एक जुनी उधारी बाकी होती. ती याच शाळेच्या हॉलमधली आहे, म्हणून इथेच चुकती करते.

नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी पंडिता रमाबाईंवर बोलले होते. काहींना आठवत असेल. वेळ पाच मिनिटं, पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा. तो डबा आईकडे अजून आहे, त्यात मोहरी असते. माझ्या भाषणात रमाबाई संस्कृत शिकल्या, कलकत्त्याला पंडिता झाल्या, विधवा झाल्या, उच्च शिक्षणासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन त्यांनी शारदा सदन काढलं. टाळ्या. त्या ख्रिस्ती झाल्या हे वाक्य मी पाठ केलेल्या कागदावर होतं. घरातल्या एका मोठ्या माणसाने ते वाचून म्हटलं की कशाला उगीच, परीक्षकांना आवडेल न आवडेल. मी लगेच खोडलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण ख्रिस्ती होती. तिचे वडील रेल्वेत, आई नर्स. काकूंनी आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांना इंजेक्शनं दिली असतील, कधी कुणाकडून पैसे घेतलेले आठवत नाहीत. माझी आई ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती तेव्हा पंधरा दिवस माझा आणि धाकट्या भावाचा डबा त्यांच्याकडून यायचा. स्पर्धेनंतर मैत्रिणीने मला एवढंच विचारलं, की रमाबाई आमच्यातल्या होत्या ते तू का नाही सांगितलंस. मी म्हटलं, वेळ पुरला नाही. भाषण संपलं तेव्हा घंटेला अजून अर्धा मिनिट बाकी होता, आणि हे तिलाही ठाऊक होतं. ती पुन्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शेजारी बसली.

तर हे उरलेलं भाषण. अर्ध्या मिनिटात बसणार नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं हा त्यांचा गुन्हा. गावकीचा त्रास झाला म्हणून त्यांनी रानात बिऱ्हाड केलं आणि पुढे सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत, पुराणं सांगत जगू लागलं. रमाबाईंना हजारो श्लोक पाठ झाले ते आईच्या तोंडून ऐकून. ही गोष्ट आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. पुढे जे घडलं ते मी मोठी झाल्यावर वाचलं.

दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणाकडे दाणे नव्हते, आणि या घरात पुराण सांगण्याखेरीज दुसरा धंदा कुणाला येत नव्हता. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आई अखेरच्या दिवसांत काहीतरी खायला मागत होती, तेव्हा रमाबाई शेजारच्या एका घरी मागायला गेल्या. लाजेने तोंडातून शब्द फुटेना. कशीबशी बाजरीची भाकरी मिळाली, पण ती खाण्याची ताकद आईत उरली नव्हती. ती गेली तेव्हा तिरडी उचलायला माणसं मिळेनात. जातीतले दोघे कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, खांद्याला खांदा लागेना, म्हणून त्यांनी तिरडीचं ते टोक डोक्यावर घेतलं. पोरवयाची मुलगी, आईची तिरडी डोक्यावर घेऊन चालली आहे, हे चित्र एकदा मनात बसलं की पुढचं केडगाव समजायला फार कष्ट पडत नाहीत.

भाऊ-बहीण मग पायी हिंडले, हजारो मैल. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे खणून त्यात गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन रात्र काढली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले, तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, १८८० साल! आसामात सिल्चरला संसार मांडला. मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत मेधावी कॉलऱ्याने गेले. वय चोवीसच्या आत, मांडीवर दहा महिन्यांची मुलगी, माहेरचं कुणी जिवंत नाही.

पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. इथपर्यंत माझं भाषण बरोबर होतं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या ते वैद्यकी शिकायला. कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं होतं, त्यामुळे ते राहिलं. वाँटेज या गावी सेंट मेरी संघाच्या सिस्टरांकडे राहायची सोय होती. या सिस्टरांचं लंडनमध्ये फुलहॅमला एक घर होतं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाईंना ते दाखवायला नेलं. तिथे त्यांनी पाहिलं ते असं, की ज्या बायकांची सावलीही चांगल्या घरातल्यांनी टाळावी त्यांच्याशी या सिस्टर प्रेमाने बोलतात, आजारपणात त्यांचं सगळं करतात, त्या पुन्हा उभ्या राहतील अशी आशा धरून बसतात. असं काही आपल्या तीर्थयात्रांमध्ये त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं की तुम्ही हे का करता, आणि उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. पाच नवरे झालेली, गावाने टाकलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी बरोबरीने बोलणारा येशू. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मला यात लक्षात घेण्यासारखं वाटतं ते हे, की हिंदुस्थानात सर्वांत जास्त शास्त्रार्थ पाठ असलेल्या या बाईला धर्मचर्चेने पटवलं नाही. पुढेही चर्चेत त्यांनी कुणाला सुखाने जिंकू दिलं नाही. वाँटेजच्या सिस्टरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार आहे त्यात त्या सिद्धांतांवर कडाकडा भांडतात. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं हे हिंदुस्थानातल्या बिशपांना पटेना. रमाबाईंनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. शाकाहार सोडला नाही, पांढरी साडी सोडली नाही. इकडे पुण्यात लोक म्हणत होते की बाई साहेबांच्या नादी लागली, आणि तिकडे साहेब हैराण होते की बाई ऐकत नाही. माझ्या ऑफिसात अशा एक-दोघी आहेत. मीटिंगमध्ये त्यांचा सगळ्यांना त्रास होतो, आणि रात्री अकराला काही बंद पडलं की सगळे त्यांनाच फोन करतात.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच पावणेतीन वर्षं राहिल्या. इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगावी भाषणं दिली, बॉस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली, तिने दहा वर्षं खर्च चालवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

पहिल्या मुलींमध्ये गोदूबाई जोशी होती. लहानपणीच विधवा झालेली, केशवपन केलेली. सदनात ती शिकली, धीट झाली, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं. त्याच या बाया कर्वे. तिची बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी थेट अमेरिकेपर्यंत जाऊन वर्गणी जमवून आली. दोघीही हिंदूच राहिल्या. रमाबाईंनी एका मुलीच्या पाठीवर हात ठेवला तो कुठवर पोचला याचा हिशेब मांडायला गेलं तर हिंगण्यात शिकून गेलेल्या हजारो मुली त्यात येतात. तुमच्या-माझ्या आज्यांपैकीही कुणी असेल.

आता अडचणीचा भाग. तो याही वेळी गाळला तर लिहिण्यात अर्थ नाही. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना स्वतःच्या खोलीत करत, पण दार बंद करत नसत, आणि मुली येऊन बसत. कुणी यावं असं त्या म्हणत नसत, कुणी येऊ नये असंही म्हणत नसत. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे झाला. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला, केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. ज्या पालकांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांना फसल्यासारखं वाटलं असेल, तर मी त्यांना दोष देऊ शकत नाही. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिच्या हॉस्टेलात असं झालं असतं तर मीही पहिल्या गाडीने गेले असते. आणि तरी, ज्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याशी नीट बोललं त्या खोलीचं दार बंद करून घ्या, असं त्या मुलींसाठी रमाबाईंना सांगायची माझी हिंमत झाली नसती. यातून मार्ग काय होता ते मला आजही सुचत नाही. रमाबाईंनी दार उघडंच ठेवलं. निम्मं पुणं तुटलं.

तीन वर्षांनी दुष्काळ आला. १८९६-९७ चा. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंकडे पैसा नव्हता, अमेरिकेतून येणारा निधी शारदा सदनापुरता होता, आणि तिथे काही करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या गेल्या. दुष्काळी कामांवर, सरकारी अन्नछत्रांत त्यांनी पाहिलं की एकट्या पडलेल्या मुलींच्या मागे माणसं लागली आहेत, आणि ती अन्न देऊन मुली घेऊन जात आहेत. कशासाठी ते सांगायला नको. बाजरीची भाकरी हातात घेऊन उभी असलेली सोळा वर्षांची मुलगी रमाबाईंना स्वतःत दिसत असणार. त्या मुली गोळा करू लागल्या. ब्राह्मण विधवांसाठी काढलेल्या संस्थेच्या बाईने आता जात विचारायचं सोडून दिलं होतं. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका आल्या.

नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग. एवढी माणसं शहरात ठेवणं अशक्य. केडगावला रमाबाईंनी शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती, फळबाग लावून संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून. तिथे ना घर ना छप्पर. तंबू ठोकले, विहिरी खणल्या. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी आबाळ होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, आणि गव्हर्नरांना त्याला उत्तर द्यावं लागलं. गोऱ्यांच्या पैशावर जगते म्हणून हिणवलेल्या बाईने हे केलं, याकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, पुन्हा मुली आणल्या, आणि केडगावच्या मुक्तीत दोन हजारांच्या आसपास माणसं झाली. दोन हजार! मी दोनशे माणसांच्या कॅन्टीनचं कंत्राट सांभाळणाऱ्याला रोज घाम पुसताना पाहते. उपाशी राहिलेल्या पोरांना एकदम पोटभर जेवू घालता येत नाही, थोडं थोडं द्यावं लागतं. खरूज, उवा, ताप, रात्रीची रडारड. मोठ्या मुलींवर लहान मुली सोपवलेल्या. आधीच्या दुष्काळातून आलेल्या आता नव्यांना न्हाऊमाखू घालत होत्या. शाळा तर होतीच, शिवाय माग, तेलाचा घाणा, गोठा, शेती, शिवण, छापखाना. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं काढलं. फुलहॅमला जे पाहिलं ते केडगावच्या माळावर उभं राहिलं. आंधळ्या बायकांना आजवर भीक मागण्याखेरीज कुणी काही शिकवलं नव्हतं. मनोरमा आधी स्वतः ब्रेल शिकली आणि मग त्यांना वाचायला शिकवू लागली. गेली काही वर्षं मी ज्या टीममध्ये आहे ती हेच काम करते. अंध माणसाला आमचं सॉफ्टवेअर नीट वापरता येतं की नाही ते तपासते. या कामासाठी वेळ मागितला की पुढच्या तिमाहीत बघू असं ऐकून घ्यावं लागतं. मनोरमेचं वाचल्यापासून मी जरा जास्त भांडते.

१९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची एक मोठी लाट आली, तिच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्यातलं कळत नाही, म्हणून पुढे जाते.

पुढे जाते ते छापखान्याकडे. संस्कृतातली सरस्वती असलेल्या बाईंनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतली, कारण त्यांना बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायचं होतं. आधीची भाषांतरं होती, पण त्यातले जड शब्द त्यांच्या मुलींना कळत नसत. काल अक्षर ओळख झालेल्या, खेड्यातून आलेल्या बाईला वाचता यावं, ही कसोटी. ज्यांना अवघड मराठी सहज लिहिता आली असती त्यांनी सोप्या मराठीसाठी जवळजवळ अठरा वर्षं घातली. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. म्हणजे ज्यांच्यासाठी पुस्तक, त्यांच्याच हातून ते तयार होत होतं, आणि एखादं वाक्य अडलं तर ते जागच्या जागी कळत असणार. आम्ही ज्याला मोठ्या थाटात युजर टेस्टिंग म्हणतो ते हेच.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा मिरजेच्या इस्पितळात गेली. चाळिशीची होती. मुक्तीचा कारभार तिच्या हाती देऊन मोकळं व्हायचं असं रमाबाईंनी धरलं होतं. आईची तिरडी डोक्यावर घेतलेल्या बाईला आता मुलीला पोचवावं लागलं. आठ-नऊ महिने त्या पुढे जगल्या, भाषांतर पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात छापून बाहेर पडलं.

कॉलेजच्या चार वर्षांत दर शनिवार-रविवारी मी पुण्याहून घरी येत असे. केडगाव स्टेशन लागायचं. पॅसेंजर तिथे थांबायची, चहावाले चढायचे. मी खिडकीत बसून परीक्षेच्या नोट्स वाचत असे आणि बक्षीस मिळवून दिलेली बाई इथून हाकेच्या अंतरावर राहत होती हे मला ठाऊकही नव्हतं. माझ्या भाषणात केडगाव हा शब्दच नव्हता ना.

काकू गेल्या वर्षी गेल्या. मी पोचले तेव्हा चर्चच्या अंगणात आमच्या जुन्या चाळीतली झाडून सगळी माणसं उभी होती. मैत्रिणीला हा लेख छापायला देण्याआधी वाचायला पाठवला. तिने दोन शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या आणि कळवलं की मेळाव्याला ती आदल्या दिवशीच येणार आहे, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने केडगावला जाऊ या, जेवायच्या वेळेपर्यंत परत येता येईल. आणखी कुणाला यायचं असेल तर ग्रुपवर कळवा, म्हणजे तिकिटं एकदम काढता येतील.